पिवळ्या खडूचे गुण

मी एक जुना फळा आहे. पण हे ऐकून लगेच मान डोलवू नका, मित्रांनो. फळा म्हटलं की लोकांना वाटतं, बिचारा साधा आहे, जे लिहाल तेच दाखवतो, खोटं कुठून बोलणार? मलाही स्वतःबद्दल असंच वाटायचं. बाकी साऱ्या जगाबद्दल मात्र मला शंका होती. भिंतीवर टांगलेल्याला दुसरं काम तरी काय असतं? आलेल्याचे हात बघायचे, गेलेल्याची पाठ बघायची, आणि यानं काहीतरी केलंच असणार असं मनात धरून बसायचं. तुम्हीसुद्धा आत्ता माझ्याकडे ज्या नजरेनं बघताय ना, ती मला काही सरळ वाटत नाही. असो.

माझा जन्म वाटूरच्या वाचनालयातला. तिथल्या एका कपाटाची पाठ वाळवीनं खाल्ली, पण दोन दारं सागाची होती, ती शाबूत राहिली. भारत सुतारानं ती दारं एकमेकांना जोडली, मागून दोन पट्ट्या ठोकल्या आणि वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. रंग वाळला तेव्हा तो माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "आता वाळवीला म्हणावं, ये!" त्याच्या बोलण्यात कौतुक होतं. तरी त्यानं एका बिजागरीचं भोक लांबीचा लगदा भरून बुजवलं आणि कुणाला सांगितलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

मला बनवलं ते प्रश्नमंजूषेसाठी. सहा वर्षांपूर्वी काकासाहेबांनी हा खेळ सुरू केला. काकासाहेब म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं त्यांनी स्टँडवर बसून गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. वाटूर फाट्यावर चहूकडून गाड्या येतात, तेव्हा गावोगावच्या हौशी लोकांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथं वाचनालयाच्या हॉलमध्ये जमावं, एकमेकांशी प्रश्नोत्तरं खेळावीत, अशी त्यांची कल्पना. कुणी शिंपी, कुणी कंडक्टर, कुणी बियाण्याचा दुकानदार. प्रत्येक गावाचे तिघं. वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याला ढाल. ढाल पत्र्याचीच होती, पण तिच्यासाठी माणसं सणाला घालायचे कपडे घालून यायची.

काकासाहेबांनी दोन नियम केले. पहिला नियम बसण्याचा. "ज्यांची गाडी आधी लागली, त्यांचा नंबर आधी. ह्यात वशिला चालत न्हाई." मंठ्याची गाडी सगळ्यांत आधी यायची. मग अंबडचे लोक. मग कुंभार पिंपळगावचे, कारण त्यांना मधे गाडी बदलावी लागे. तीन वर्षांपूर्वी भोकरदनचा संघ आला, तो जालन्यावरून दोन गाड्या बदलून सगळ्यांत शेवटी पोचायचा. आणि वाटूरचे लोक तर घरचेच. पाहुण्यांच्या आधी आपण कसं बसायचं, म्हणून ते शेवटच्या खुर्च्यांवर. दुसरा नियम प्रश्नाचा. एखाद्या संघाला उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न पुढच्या नंबरावर बसलेल्या शेजारच्या संघाकडे सरकायचा. शेजाऱ्यानं बरोबर सांगितलं तर त्यालाही पूर्ण दहा गुण. उत्तर ते उत्तर, असं काकासाहेब म्हणायचे.

माझ्यावर त्यांनी तेलरंगानं दोनच रकाने आखून घेतले. डाव्या दारावर 'संघ', उजव्या दारावर 'एकूण'. गुण लिहायचं काम बेबीनंदाकडे होतं. ती गावातली आशाताई. लसीकरणाच्या नोंदी ठेवून ठेवून तिचं अक्षर मोत्यासारखं झालेलं. कुणाला दहा मिळाले की ती बोटानं जुना आकडा पुसायची आणि नवा लिहायची. वीसचे तीस, तीसचे चाळीस. तिच्या बोटाचा स्पर्श मऊ होता. पण पुसणारा हात, मित्रांनो, मला नेहमीच थोडा संशयास्पद वाटत आला आहे.

प्रश्न काढायच्या राजनंदिनी मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, वाटूरमध्येच राहायच्या. चार वर्षं त्यांनी एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. प्रश्नांचा लखोटा त्या स्वतः आणायच्या आणि सगळ्यांसमोर फोडायच्या. आता खरी गोम ऐका. वाटूरच्या संघाचा कप्तान सोमेश्वर हा त्यांचा सख्खा दीर. एकच घर, एकच चूल. आणि वाटूरचा संघ सलग तीन वर्षं पहिला!

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी बघायला लागलो. उत्तर देण्याआधी सोमेश्वर मॅडमकडे बघायचा. प्रत्येक वेळी बघायचा! मी मनाशी म्हटलं, सापडला. डोळ्यांनीच काहीतरी चाललंय. पुढे कितीतरी महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं की मॅडमच्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ आहे, आणि तो उत्तरासाठी मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटातले किती सेकंद उरले ते बघत होता. पण ध्यानात आलं तरी मी माझा संशय काही सोडला नाही. घड्याळ तिथं मुद्दाम कुणी टांगलं, असं मला वाटायला लागलं.

माझ्याइतकाच संशयी एक माणूस त्या हॉलमध्ये होता. कुंभार पिंपळगावचा कप्तान तातेराव, धंद्यानं शिंपी. हुशार माणूस. कपडे शिवता शिवता रेडिओ ऐकून जगाची राजधानी न् राजधानी पाठ केलेली. त्याचा संघ दर वर्षी दुसरा. एकदा दुसरा आला तर माणूस हसतो, दोनदा आला तर गप्प बसतो. तिसऱ्यांदा दुसरा आल्यावर तातेराव उभा राहिला.

"काकासाहेब, आमी इतक्या लांबून येऊन राह्यलो ते काय टाळ्या वाजवायला का? प्रश्न ज्या घरात निघतेत, ढाल त्याच घरात जाते. हे बराबर हाय का?"

राजनंदिनी मॅडमचा चेहरा उतरला. सोमेश्वर तावातावानं उठला, पण मॅडमनी हातानंच त्याला खाली बसवलं. त्या म्हणाल्या, "तातेरावभाऊ, पुढच्या महिन्यात प्रश्न तुम्ही कुणाकडून पण काढून आणा. मी हात लावणार न्हाई."

मला हे फार आवडलं. आता दूध आणि पाणी वेगळं होईल, म्हटलं.

पुढच्या महिन्यात तातेरावानं जालन्याच्या एका निवृत्त मास्तरांकडून प्रश्न काढून आणले. लखोट्याला त्यानं दोऱ्यानं शिवण घातली होती, मशीनवर, दुहेरी. गाडीत तो लखोट्यावर बसून आला, असं त्याचाच गडी सांगत होता. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदाच प्रेक्षकांत, मागच्या बाकावर बसल्या. खेळ झाला. बेबीनंदानं शेवटचा आकडा लिहिला. वाटूर सत्तर. कुंभार पिंपळगाव साठ. वाटूर पहिलं!

शंकेला पोट नसतं हो, कितीही घाला, भरत नाही. तातेरावाला वाटलं, फळ्यातच काही असणार. "उतरवा ह्याला!" तो म्हणाला. चौघांनी मला खाली उतरवलं, पालथं घातलं, पाठीमागं कागद चिकटवलाय का ते बघितलं. भारत सुतारानं बुजवलेलं ते बिजागरीचं भोकही एकानं काडीनं कोरून पाहिलं. इतकी वर्षं मी सगळ्यांवर संशय घेत होतो, पण माझ्यावर कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. लाज वाटली मला. राग आला. बेबीनंदाला तर रडूच फुटलं. "म्या काय आकडे चोरून लिवते का?" असं म्हणून तिनं खडू खाली टाकला.

काही सापडलं नाही, म्हणजे चोर पक्का आहे, असा अर्थ तातेरावानं काढला. "बाईनं त्या मास्तरालाबी गाठलं असंल," असं म्हणत तो गेला. आणि त्याच आठवड्यात त्यानं शिक्षण खात्याला अर्ज धाडला. अर्जाची प्रत काकासाहेबांकडे आली, ती त्यांनी हॉलमध्ये बसून, चष्मा दोनदा पुसून वाचली. त्यात लिहिलं होतं, जी शिक्षिका खेळातले प्रश्न घरच्यांना फोडते, ती शाळेचे पेपर फोडत नसेल कशावरून? चौकशी व्हावी.

मित्रांनो, ढालीपर्यंत ठीक होतं. पण हे बाईच्या नोकरीवर गेलं, नावावर गेलं. शाळेत पोरांच्या आया फाटकाशी थांबून कुजबुजायला लागल्या, असं बेबीनंदा काकासाहेबांना सांगत होती. आणि मी? मी भिंतीवर परत टांगला गेलो होतो, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला वाटत होतं की धूर निघतोय तर काहीतरी जळत असणारच.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हॉल खच्चून भरला. मॅडम येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. त्या आल्या. हातात लखोटा, आणि पर्समधून काढलेले दोन खडू. एक पांढरा, एक पिवळा.

"मी आज शेवटचे प्रश्न विचारते," त्या म्हणाल्या. "एकच मागणं आहे. बेबीनंदा, ज्याचा प्रश्न त्यानंच उत्तर दिलं, तर गुण पांढऱ्या खडूनं लिही. दुसऱ्याकडून सरकून आलेल्या प्रश्नाचे गुण पिवळ्यानं. दोन्ही वेगळे. आज काही पुसायचं नाही. बेरीज शेवटी."

"त्यानं काय व्हनार?" तातेरावानं विचारलं. त्याच्या डोळ्यांत संशय, माझ्या लाकडातही संशय. ही बाई आता कोणती युक्ती करते?

"बघू तर खरं," मॅडम म्हणाल्या. "गेल्या टायमाला मी मागं बसले होते. चार वर्षांत पहिल्यांदा मी हा खेळ नुसता पाहिला."

खेळ सुरू झाला. प्रत्येक संघाला सहा प्रश्न. माझ्या अंगावर पहिल्यांदाच दोन रंग उमटायला लागले. भोकरदनच्या कप्तानाचं नाव आदिनाथ, बियाण्याच्या दुकानातला पोरसवदा माणूस. पहाटे निघून, दोन गाड्यांत डुलक्या काढत आलेला त्याचा संघ प्रश्न ऐकून एकमेकांकडे बघायचा आणि "पुढं जाऊ द्या" म्हणायचा. पुढं म्हणजे कुठं? शेजारच्या खुर्चीकडे. शेजारच्या खुर्चीत कोण? वाटूर! सोमेश्वर उत्तर द्यायचा आणि वाटूरच्या ओळीत एक पिवळा दहा पडायचा. परत भोकरदन, परत "पुढं जाऊ द्या", परत पिवळा दहा.

तिकडे कुंभार पिंपळगावच्या आधी बसायचे अंबडवाले. ते पक्के. त्यांच्या ताटात उरतंच काय, की शेजाऱ्याला मिळावं? तातेरावाच्या ओळीत पांढरे आकडे भराभर आले, पिवळा एकच.

शेवटचा प्रश्न झाला. बेबीनंदानं बेरीज केली आणि बाजूला झाली. वाटूर, पांढरे तीस, पिवळे पन्नास, एकूण ऐंशी. कुंभार पिंपळगाव, पांढरे पन्नास, पिवळे दहा, एकूण साठ. भोकरदनचे पांढरे दहा, पिवळा एकही नाही.

मग आदिनाथच हसत म्हणाला, "म्हंजी आमचंच उरलेलं खाऊन वाटूरवाले पयले येऊन राह्यलेत की!"

हॉलमध्ये हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या तातेरावाकडे वळल्या. "भाऊ, मी घरात प्रश्न फोडले असते, तर आमच्या सोमेश्वरभावजींचे स्वतःच्या सहा प्रश्नांपैकी तीन का चुकले असते? चोरी करणारा आधी स्वतःचं ताट भरतो ना? आणि भोकरदन येण्याच्या आधी, एक वर्ष प्रश्न मीच काढत होते. तेव्हा वाटूर कितवं आलं होतं?"

"तिसरं," काकासाहेब हळूच म्हणाले. ते माझ्याकडेच बघत होते. गाड्यांच्या नंबरानं खुर्च्या लावणारे तेच. गाड्या रोज त्याच क्रमानं येतात, हे तीस वर्षं लिहिणारा माणूस, पण खुर्च्याही त्याच क्रमानं लागतात हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना सारखा नियम लावला आणि तोच एकाला दर महिन्याला पंगतीत मोक्याची जागा देत राहिला. म्हातारा माणूस खुर्चीवर बसून राहिला. "माझ्यामुळं झालं हे सारं," म्हणाला.

आणि मी? मित्रांनो, मी कुणाला काय सांगू! तीन वर्षं हे सगळं माझ्याच अंगावर घडत होतं. भोकरदनचं नाव माझ्यावर लिहिलं गेलं, त्याच वर्षापासून वाटूरचा आकडा फुगायला लागला. मी डोळे बघितले, लखोटे बघितले, घड्याळ बघितलं. पण दहा गुण कुठून आले हे न सांगता नुसतं 'एकूण' दाखवत होतो, ते मीच. खोटा आकडा माझ्यावर एकही नव्हता. तरी एका चांगल्या बाईच्या नावाला काळं लागलं ते माझ्या अंगावरच्या त्या एकाच रकान्यामुळे.

तातेराव उभा होता. गळ्यातली मोजपट्टी, जी तो खेळायला येतानाही काढायचा नाही, ती बोटाला गुंडाळत होता. "म्याडम, पण अर्ज तर गेला," तो म्हणाला. "चौकशीची तारीख लागली. परवाची."

बेबीनंदानं सवयीनं पुसायला फडकं उचललं. "हात लावू नको त्याला!" तातेराव ओरडला. मला वाचवायला कुणी ओरडावं, तेही त्यानं, याचा अर्थ मला लवकर लागेना.

चौकशीच्या दिवशी सकाळी मला भिंतीवरून काढलं. अंगावर चादर टाकली, दोऱ्यानं बांधलं, चादर मधल्या आकड्यांना घासू नये म्हणून कडेनं कपड्याच्या गुंडाळ्या लावल्या. तातेरावानंच लावल्या, शिंप्याच्या हातानं, नीट. गावातल्या टेम्पोवाल्या कल्याणच्या गाडीत मी उभा, एका बाजूनं तातेराव धरून, दुसऱ्या बाजूनं सोमेश्वर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. प्रत्येक गतिरोधकाला मात्र दोघांचे हात एकदमच आवळायचे. जालन्यापर्यंत मी विचार करत होतो, हा माणूस मला वाटेतच पुसणार तर नाही? सवय जात नाही, काय करणार.

शिक्षण खात्याच्या कार्यालयात मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. तिथला बाबू मला बघून म्हणाला, "अहो, पुरावा कागदावर आणायचा असतो. हा फळा मी फायलीला कसा लावू?"

"फोटू काढा," तातेराव म्हणाला. "आन् मी सांगतो ते लिवा. अर्ज म्या केल्ता. माझी चूक झाली. बाई निर्दोष हायेत." मग त्यानं माझ्यासमोर उभं राहून, बोट लावून, एकेक आकडा चौकशीला बसलेल्या साहेबांना वाचून दाखवला. पांढरे किती, पिवळे किती, कोण कुणाच्या शेजारी बसतं. आपल्याच हरण्याचा हिशेब मांडावा तसं त्यानं सगळं समजावलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग सोमेश्वरला विचारलं, "ते ठीक आहे. पण एका घरात राहता. प्रश्न कधीच कानावर पडले नाहीत, हे कसं मानायचं?"

सोमेश्वर म्हणाला, "साहेब, वहिनी प्रश्न काढायला लागल्या त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी पेपर मोठ्यानं वाचत न्हाई. टीव्हीवर बातम्या लागल्या की मी उठून बाहेर जातो. का, तर वहिनी एखादी बातमी ऐकून 'अरे वा' म्हणाल्या, तरी मला कळायचं की ह्यावर प्रश्न येणार. पयले आमी दोघं पेपर वाचून भांडायचो, लई मजा यायची. चार वर्षं झाले, आमी जेवण न् पाऊसपाणी सोडून काही बोललो न्हाई."

तातेरावानं मान खाली घातली. मॅडमनी पदरानं डोळे टिपले. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. मी त्या दोघांच्या डोळ्यांत इशारे शोधत होतो, आणि ते बिचारे घरातसुद्धा एकमेकांची नजर टाळत होते!

अर्ज निकाली निघाला. काकासाहेबांनी नियम बदलले. आता प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठ्या उचलून संघांच्या खुर्च्या बदलतात, म्हणजे एकालाच कायम तोच शेजार मिळत नाही. सरकून आलेल्या प्रश्नाला पाचच गुण. वर्षाचा नंबर लावताना नुसती बेरीज धरत नाहीत, कारण एखाद्या महिन्यात पेपर सोपा निघाला की आकडे उगाच फुगतात. प्रत्येक रविवारी कोण कितवं आलं, ते धरतात. सोमेश्वरनं ढाल आपण होऊन परत केली. तातेरावानं ती घेतली नाही, म्हणाला, खेळून घेईन. भारत सुतारानं माझ्यावर आणखी दोन रकाने आखले. ह्या खेपेला त्याच्या हातावर मी लक्ष ठेवलं नाही. थोडंसंच ठेवलं.

मॅडम परत यायला तयार नव्हत्या. तातेराव दोनदा त्यांच्या दारी गेला. शेवटी त्या आल्या, पण प्रश्न काढायला नाही. "मला आता उत्तरं द्यायची आहेत," म्हणाल्या, आणि वाटूरच्या संघात दिराच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. प्रश्न आता जालन्याचे ते मास्तर पाठवतात. पहिल्याच रविवारी एका प्रश्नावर वहिनी आणि दीर इतके कडाडून भांडले की वेळ संपली आणि प्रश्न पुढे सरकला. दहा गुण गेले. दोघंही पोट धरून हसत होते.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. कडेचा रंग उडाला, खडू नीट बसत नाही. तुमच्या शाळेतही माझ्यासारखा एखादा असेल, निकालाचा असेल, हजेरीचा असेल. त्याला ओल्या फडक्यानं चोळू नका, कोरड्यानं पुसा. आणि पुसण्याआधी एक करा. कुणाच्या नावापुढे आकडा वाढलेला दिसला, की त्या माणसाकडे डोळे वटारून बघू नका. माझ्याकडे बघा. मला विचारा, हे दहा कुठून आले? मी तीन वर्षं गप्प राहिलो, कारण हे मला कुणी विचारलंच नाही.